तीन पेडलांचा हट्ट

अमेरिकेत जुन्या मोटारींचा नाद असलेल्या माणसापुढे ‘बत्तीसची फोर्ड’ एवढे शब्द उच्चारले तरी त्याचे डोळे चमकतात. १९३२ साली बाजारात आलेली ही मोटार ‘हॉट रॉड’ पंथाचे आराध्यदैवत मानली जाते. जुनी मोटार घ्यायची, तिचे मडगार्ड उतरवायचे, टप कापून खाली आणायचा, इंजिनाची ताकद दुप्पट-तिप्पट करायची आणि केवळ वेगासाठी तिची नव्याने बांधणी करायची, असा हा उद्योग. त्यात इंजिनानंतर पाळी येते ती गिअरबॉक्सची. मूळचा संच उपसून त्या जागी कुणी १९३९च्या फोर्डचा बसवतो, कुणी कॅडिलॅकचा, तर कुणी चक्क प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक. ज्यांचे नाव त्या मोटारीच्या कपाळावर आहे, त्या हेन्री फोर्ड यांना हे कितपत रुचले असते, हा प्रश्नच आहे. कारण गिअर कसा असावा याविषयी त्यांची मते ठाम होती आणि त्या मतांपायी त्यांनी आपल्या कंपनीला आणि एकुलत्या एक मुलाला बराच ताप दिला.

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत त्यांचे मन कधीच रमले नाही. १८७६ साली आई वारली आणि त्याच वर्षी डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्यांनी वाफेवर स्वतःच्या बळाने चालणारे इंजिन पाहिले. घोड्याविना चालणारे वाहन त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे दुरुस्त करणारा हा मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून डेट्रॉइटच्या कारखान्यांत उमेदवारी करू लागला. पुढे १८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी विवाह, १८९१ मध्ये एडिसन यांच्या वीज कंपनीत नोकरी आणि १८९३ च्या नोव्हेंबरात मुलाचा जन्म. त्याचे नाव एडसेल.

नोकरी सांभाळून रात्री घरामागच्या शेडमध्ये त्यांनी पहिली गाडी तयार केली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा शेडचे दार अरुंद असल्याचे ध्यानात आले आणि कुऱ्हाडीने भिंत फोडावी लागली. सायकलची चार चाके लावलेल्या या ‘क्वाड्रिसायकल’ला पुढे जाण्याच्या दोन गती होत्या, ताशी सुमारे १० मैल आणि २० मैल. उलट जाण्याची सोय मुळीच नव्हती. मागे न्यायची तर उतरून ढकलायची.

त्यानंतरची काही वर्षे धडपडीची. पहिली कंपनी बुडाली, दुसरीतून ते स्वतःच बाहेर पडले. त्या दुसऱ्या कंपनीचेच पुढे ‘कॅडिलॅक’ झाले, हा इतिहासातला एक गमतीचा भाग. या काळात फोर्ड यांना तारले ते शर्यतींनी. १० ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांनी अलेक्झांडर विंटन या नामवंत मोटारकाराला शर्यतीत हरवले. १९०४ च्या जानेवारीत गोठलेल्या सेंट क्लेअर सरोवरावर त्यांनी स्वतः ताशी ९१ मैलांहून अधिक वेग गाठला. म्हणजे अनावश्यक ते सगळे उतरवून मोटार नुसती पळवण्याची जी हौस पुढच्या पिढीतल्या पोरांना लागली, ती खुद्द फोर्ड यांनाही तरुणपणी लागली होती.

१६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनीची स्थापना झाली आणि १ ऑक्टोबर १९०८ रोजी ‘मॉडेल टी’ बाजारात आली. किंमत ८५० डॉलर, ताकद २० अश्वशक्ती. या मोटारीची कथा सांगताना बहुतेक वेळा १९१३ ची सरकती जुळणी-साखळी, १९१४ चा पाच डॉलरचा रोज आणि २६० डॉलरपर्यंत उतरलेली किंमत यांचेच वर्णन होते. ते योग्यही आहे. परंतु खेड्यापाड्यांतला, कधी मोटारीला हात न लावलेला शेतकरी ही गाडी चालवू शकला, याचे मोठे श्रेय तिच्या गिअरलाही द्यायला हवे.

त्या काळी इतर बहुतेक मोटारींत दातेरी चक्रे दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवावी लागत. दोन चक्रांचा वेग जुळला नाही की दात दातावर घासून कर्कश आवाज होई आणि प्रसंगी दात तुटतही. आपल्याकडे जुन्या ट्रक आणि एसटीच्या चालकांना जो ‘डबल क्लच’ मारावा लागे, त्याचे मूळ यातच आहे. फोर्ड यांनी हे सारे टाळले. मधल्या चक्राभोवती लहान चक्रे फिरत राहतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी, अशी ‘प्लॅनेटरी’ रचना त्यांनी आपल्या कंपनीच्या पहिल्या मोटारीपासूनच स्वीकारली होती. ‘टी’मध्ये तिला पूर्णत्व आले. यातली चक्रे सदैव एकमेकांत गुंतलेलीच असतात. त्यांच्याशी जोडलेल्या पिंपासारख्या गोल ड्रमवर पट्टा आवळला की गती बदलते. सरकवणे नाही, अडकवणे नाही, खडखडाट नाही.

चालवण्याची तऱ्हा मात्र आजच्या चालकाला बुचकळ्यात टाकणारी होती. पायाशी तीन पेडल. डावे पूर्ण दाबले की पहिला गिअर, अर्धे दाबले की न्यूट्रल आणि सोडून दिले की वरचा गिअर. मधले पेडल रिव्हर्सचे, उजवे ब्रेकचे. ॲक्सिलरेटर पायात नव्हताच, तो सुकाणूखालच्या दांडीवर. ब्रेकचा पट्टा झिजला तर लोक खुशाल रिव्हर्सचे पेडल दाबून गाडी थांबवीत. चढ फारच उभा असेल तर गाडी वळवून उलटी चढवत. कारण रिव्हर्स हाच सर्वांत ताकदवान गिअर होता. शिवाय पेट्रोल टाकीतून केवळ उताराने इंजिनाकडे येत असल्याने उलट्या गाडीत त्याचा पुरवठाही खंडित होत नसे. हिवाळ्यात तेल घट्ट झाले की हँडल मारताच गाडी मालकाच्या अंगावर सरकू लागे. त्यावरचा उपाय म्हणजे मागचे एक चाक जॅकवर उचलून मगच इंजिन सुरू करणे.

दोनच गती, हे या रचनेचे खरे दुखणे होते. चढावर वरचा गिअर ओढेना आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळे. या दोहोंच्या मधे काहीच नव्हते. फोर्ड काही बदलायला तयार नव्हते. मग ते काम इतरांनी केले. ‘रकस्टेल’ नावाचा दोन गतींचा मागचा एक्सल निघाला. तो बसवला की दोनाच्या चार गती होत. फोर्डच्या विक्रेत्यांकडेच तो मिळे, म्हणजे कंपनीने त्याला मान्यता दिली होती. ‘वॉरफर्ड’चा गिअरबॉक्स मूळच्या संचामागे जोडला जाई आणि गतींची संख्या आणखी वाढे.

परंतु यात एक जीवघेणी मेख होती. मॉडेल टीचा पायब्रेक चाकांवर नव्हता, तो मूळच्या गिअर संचावरच होता. मागे दुसरा गिअरबॉक्स जोडला आणि उतारावर तो चुकून न्यूट्रलमध्ये निसटला, की ब्रेकचा चाकांशी संबंधच तुटे. पेडल कितीही दाबा, गाडी सुसाट. म्हणून असा गिअरबॉक्स बसवणाऱ्या शहाण्या माणसाने आधी मागच्या चाकांना वेगळे ब्रेक लावून घ्यावेत, असा रिवाज पडला. गिअरबॉक्स बदलणे म्हणजे केवळ एक डबा काढून दुसरा लावणे नव्हे, त्याच्याशी ब्रेक, दांडे, पेडल असे सगळेच बांधलेले असते, हा धडा मोटारवेड्यांनी तेव्हाच गिरवला. काहींना तो महागातही पडला असणार.

१९१९ पासून एडसेल कंपनीचे अध्यक्ष होते, परंतु नावापुरतेच. अखेरचा शब्द वडिलांचा. एडसेल सौम्य, सुसंस्कृत, चित्रकलेत रस असलेले. मोटार नुसती धावून भागत नाही, ती दिसायलाही देखणी हवी आणि चालवायलाही सुखद हवी, असे त्यांचे मत. दरम्यान जनरल मोटर्सची शेवर्ले तीन गिअर घेऊन फोर्डचे गिऱ्हाईक पळवू लागली होती. १९२६ च्या जानेवारीत अर्नेस्ट कँझलर या अधिकाऱ्याने मॉडेल टीचे दिवस भरल्याचे लेखी निवेदन हेन्री फोर्ड यांना सादर केले. कँझलर हे एडसेल यांचे साडूच. काही महिन्यांतच त्यांना कंपनीबाहेर जावे लागले. वर्तमानपत्रातून ज्यूंविरुद्ध विखारी प्रचार चालवून फोर्ड यांनी आपल्या नावाला जो काळिमा फासून घेतला, तोही याच दशकात. १९२७ मध्ये त्यांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली.

अखेर वास्तवापुढे हट्ट टिकला नाही. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडली. चाकावर एडसेल होते, शेजारी हेन्री. ‘टी’चे उत्पादन थांबले आणि पुढचे काही महिने नव्या मोटारीच्या तयारीत गेले. नव्या ‘मॉडेल ए’मध्येही आपली लाडकी प्लॅनेटरी रचनाच असावी, असे हेन्री यांना वाटत होते. एडसेल मात्र सरकत्या गिअरच्या बाजूने ठाम राहिले आणि या एका मुद्द्यावर त्यांनी वडिलांना नमवले. डिसेंबर १९२७ मध्ये अवतरलेल्या मॉडेल एमध्ये क्लच, तीन गिअर आणि चारही चाकांना ब्रेक होते. बाप-लेकाच्या दीर्घ संघर्षात मुलाच्या वाट्याला आलेले हे मोजक्या विजयांपैकी एक.

त्यानंतर आली ती बत्तीसची फोर्ड. मंदीने अमेरिका पिचलेली असताना, ३१ मार्च १९३२ रोजी फोर्ड यांनी आठ सिलिंडरचे ‘व्ही-८’ इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत आणून दाखवले. तोवर अशी इंजिने श्रीमंतांच्या गाड्यांतच असत. आठ सिलिंडरचा संपूर्ण ठोकळा एकाच ओतकामात काढायचा, हे बहुतेक जाणकारांना अशक्य वाटत होते. फोर्ड यांना अभियांत्रिकीचे नकाशे धड वाचताही येत नसत, परंतु अशक्य म्हटले की ते पेटून उठत. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती आणि रोडस्टरची किंमत ४६० डॉलर. कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणलेली ‘सिंक्रोमेश’ सोयही या मोटारीत आली. शंकूच्या आकाराचे पितळी भाग घासून दोन चक्रांचे वेग आधी जुळवायचे आणि मगच दात अडकू द्यायचे, अशी ही युक्ती. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरचा खडखडाट तिने थांबवला. पहिला तेवढा तसाच राहिला.

ही मोटार जुनी होऊन स्वस्तात मिळू लागली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागली. मुरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर रविवारी शर्यती रंगत. पुढे हे ठिकाण एडवर्ड्स हवाई तळाचा भाग झाले. इंजिनाला दोन-दोन कार्ब्युरेटर लागले, कॅमशाफ्ट बदलले. मग मूळचा गिअरबॉक्स हा भार पेलेना.

यावरचा उतारा फोर्डच्याच कारखान्यातून आला. १९३९ च्या फोर्डमध्ये सिंक्रोमेश अधिक सुधारलेला होता आणि गिअरची दांडी फर्शीवरच होती. पुढच्याच वर्षी ती सुकाणूच्या खांबावर गेली. म्हणून ‘एकोणचाळीसचा बॉक्स’ भंगारवाल्याकडे शोधण्याची झुंबड उडाली. इंजिनाकडची जोडणी थोड्याफार फरकाने जुळे, खरी परीक्षा मागच्या बाजूला. फोर्ड मोटारीत गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा फिरता दांडा एका जाड नळीत बंद असे. या ‘टॉर्क ट्यूब’चे काम नुसते झाकण्याचे नव्हते. मागची चाके गाडीला जो रेटा देतात, तो याच नळीतून पुढे येई. बत्तीसच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०६ इंच, तर एकोणचाळीसच्या गाडीचे ११२. त्यामुळे दांडा आणि नळी तशीच्या तशी उचलून लावता येत नसे. जुनी ठेवून जुळवायची किंवा नवी कापून आखूड करायची. पेडल आणि त्यांचे आधारही बदलावे लागत. १९३९ पासून फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक आले होते, तेव्हा हात घातलाच आहे तर तेही बसवून घेणारे अनेक असत. हौशी आणखी पुढे जात. ‘लिंकन झेफर’ या महागड्या मोटारीची दातेरी चक्रे याच बॉक्समध्ये बसवत. त्यामुळे पहिला गिअर लांब होई, गिअरांमधली दरी कमी होई आणि वेग चढताना इंजिनाचा दम तुटत नसे.

झेफर ही एडसेल यांच्या पुढाकाराने आलेली मोटार होती. वडिलांच्या कंपनीत मोकळेपणाने करता न येणाऱ्या गोष्टी एडसेल खासगीत करून घेत. बॉब ग्रेगरी या रचनाकाराच्या मदतीने त्यांनी १९३४ मध्ये फोर्डच्याच सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या अंगाची, जमिनीलगत बसणारी एक देखणी स्पीडस्टर बनवून घेतली. तिचे मूळ इंजिन खराब झाल्यावर तिच्यात अधिक ताकदीचे मर्क्युरीचे इंजिन बसवण्यात आले. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसम्राटाचा वारसदारही, गॅरेजमधल्या पोरांसारखाच, वडिलांच्या गाडीला सुधारण्याच्या नादात होता. ही गाडी आजही त्यांच्या घराच्या संग्रहात जपलेली आहे.

हेन्री फोर्ड मात्र वयाबरोबर अधिकच कडवे होत गेले. कारखान्यात दंडेली करणाऱ्या हॅरी बेनेट यांच्यावर त्यांचा मुलापेक्षा अधिक विश्वास. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना १९३७ मध्ये कारखान्याच्या दाराशी रक्तबंबाळ होईतो मारहाण झाली. हायड्रॉलिक ब्रेक प्रतिस्पर्ध्यांनी कधीच आणले होते, फोर्डमध्ये ते यायला १९३९ उजाडले. साध्या यंत्राविषयीची त्यांची ओढ मात्र कायम होती. १९४१ मध्ये त्यांनी महात्मा गांधींना पत्र पाठवले आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहणाऱ्या गांधीजींनी उत्तरादाखल स्वतःच्या सहीचा चरखा अमेरिकेला धाडला. महाकाय कारखान्याच्या मालकाने ही भेट मोठ्या आदराने जपली.

२६ मे १९४३ रोजी पोटाच्या कर्करोगाने एडसेल गेले. वय अवघे ४९. दीड कोटीव्या मॉडेल टीत बाप-लेक शेजारी बसले, त्याला त्याच दिवशी बरोबर सोळा वर्षे झाली होती. ऐंशीच्या घरातल्या हेन्री यांनी पुन्हा अध्यक्षपद हाती घेतले, परंतु आता त्यांची स्मृती आणि शक्ती दोन्ही ढासळत होत्या. १९४५ मध्ये घरच्या स्त्रियांनी निकराची भूमिका घेतल्यावर त्यांनी नातवाकडे, दुसऱ्या हेन्री फोर्ड यांच्याकडे, कारभार सोपवला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री डिअरबॉर्नच्या ‘फेअर लेन’ या घरी त्यांचे निधन झाले. नदीला पूर आल्याने त्या रात्री वीज गेली होती. मेणबत्त्या आणि रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात, ज्या उजेडात ते जन्मले होते तशाच उजेडात, त्यांनी डोळे मिटले.

त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या १९४९ च्या फोर्डमध्ये टॉर्क ट्यूब हद्दपार झाली. हॉट रॉडवाल्यांनीही तोवर तिचा नाद सोडायला सुरुवात केली होती. ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकची नवी इंजिने आली, १९५५ मध्ये शेवर्लेचे व्ही-८ आले आणि या ताकदीपुढे एकोणचाळीसचा बॉक्सही दात टाकू लागला. मग १९३० च्या दशकातला कॅडिलॅक-ला सॅलचा दणकट गिअरबॉक्स, नंतर १९५७ पासून बोर्ग-वॉर्नरचा चार गिअरचा ‘टी-१०’, त्यानंतर पाच गिअरचा ‘टी-५’ असा प्रवास झाला. प्रत्येक वेळी टॉर्क ट्यूब काढायची, उघडा दांडा बसवायचा आणि एक्सल जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी वेगळे टेकू द्यायचे, हे ओघाने आलेच. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपटातली पिवळी बत्तीसची फोर्ड अनेकांच्या स्मरणात असेल. नावाने फोर्ड, पण पोटात इंजिन शेवर्लेचे.

आता अनेकजण जनरल मोटर्सचा १९६९ पासूनचा ‘टर्बो हायड्रामॅटिक ३५०’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिच्यात बसवतात. क्लचचे पेडल जाते, गिअर बदलण्याची कटकट जाते, जुन्या पठडीतले लोक नाके मुरडतात. या गिअरबॉक्समधली मुख्य रचना हॉवर्ड सिम्प्सन यांच्या नावाने ओळखली जाते. सिम्प्सन हे एकेकाळी हेन्री फोर्ड यांच्याकडे ट्रॅक्टरवर काम करणारे अभियंते. तेलाने माखलेला हा बॉक्स टेबलावर घेऊन उघडला की आत कुठेही सरकवून अडकवायची चक्रे दिसत नाहीत. मध्ये एक चक्र असते, त्याभोवती फिरणारी लहान चक्रे असतात आणि ड्रमवर आवळला जाणारा एक पट्टाही असतो.